ते चिनी मूळ कुणी घ्यायचं नाही, हेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत खाली कोपऱ्यात एक चौकट आली होती, चिनी वेलीच्या मुळाने संधिवात आटोक्यात येतो अशा अर्थाची. आठ-दहा ओळी असतील. चीनमध्ये पेशंटवर प्रयोग झाले, नेहमीच्या औषधाइतकाच गुण आला, आणि शेवटी हा निसर्गाने दिलेला उपाय आहे असं एक वाक्य. बातमी खोटी नव्हती हे मी आधीच सांगते, कारण त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागून जेवढं वाचता येईल तेवढं वाचलंय. पण ती अर्धीच होती, आणि जी अर्धी छापायची राहिली तीच माझ्या घरातल्या एका मुलीसाठी सगळ्यात महत्त्वाची होती, म्हणून हे पत्र. लांबलंय ते मला माहितीय, पण कापायचंच झालं तर माझ्याबद्दलचं कापा, औषधाबद्दलचं कापू नका ही विनंती.

त्या दिवशी संध्याकाळी माझ्या भाचीने त्या चौकटीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. "मावशी हे बघ, ऑनलाइन मिळतंय, मागवू का? म्हणजे ती मेथोट्रेक्सेट बंद करता येईल." ती सत्तावीस वर्षांची आहे, लग्नाला दीड वर्ष झालंय, आणि सहा महिन्यांपूर्वी तिला आमवाताचं निदान झालं, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतात ते. मेथोट्रेक्सेट ही त्यावरची नेहमीची गोळी. तिला त्या गोळीची भीती वाटते आणि ती भीती खोटी नाही, मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस राहिले तर गर्भाला धोका असतो, डॉक्टर ती गोळी आधी काही महिने बंद करायला लावतात. तिला आणि जावईबापूंना आता बाळाचा विचार करायचाय. म्हणून तिचा हिशेब साधा होता, केमिकलची गोळी नको, हे झाडपाल्याचं आहे, पोटात बाळ असलं तरी झाडपाल्याने काय होणार.

आणि नेमकं तिच्यासारख्या मुलीनेच जे औषध हातात धरायचं नाही ते हे औषध आहे. हे त्या चौकटीत नव्हतं.

मी स्वतः मिरजेत राहते, हायस्कूलला विज्ञान शिकवायचे, आता रिटायर आहे. मला हा आजार २००९ पासून आहे. ज्यांना नाही त्यांना कळावं म्हणून सांगते, हे म्हातारपणी गुडघे झिजतात ते नव्हे. आपल्याकडे सगळ्यालाच संधिवात म्हणायची पद्धत आहे आणि त्यानेच निम्मा घोळ होतो. गुडघ्याची झीज वेगळी, युरिक अ‍ॅसिडने पायाचा अंगठा सुजतो तो गाऊट वेगळा, आणि आमवातात आपल्याच शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते, ते अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू शेजारचं हाड कुरतडतं. सकाळी उठलं की दोन्ही हातांची बोटं आखडलेली, मूठ मिटत नाही, कुकरचं झाकण उघडत नाही, नळाची तोटी फिरत नाही, साडीच्या निऱ्या घालायला मला मुलीला हाक मारावी लागायची. दहा-अकरा वाजले की जरा सुटतं आणि मग लोक म्हणतात, आता तर बरी दिसतेस की. ज्याला हे होतं तो काहीही करून बघायला तयार होतो, म्हणून भाचीवर मी अजिबात रागावले नाही.

आता त्या वेलीबद्दल. चिनी भाषेत तिला लेइ गोंग तेंग म्हणतात. लेइ गोंग म्हणजे त्यांचा मेघगर्जनेचा देव आणि तेंग म्हणजे वेल. शास्त्रीय नाव ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डाय, त्यातल्या ट्रिप्टेरिजियमचा अर्थ तीन पंखांची, कारण फळाला तीन पातळ पंख असतात. दक्षिण चीनच्या डोंगरांत, फुजियान, झेजियांग, हुनान वगैरे प्रांतांत आणि तैवानमध्ये ही वाढते. तिकडचे शेतकरी पूर्वापार तिच्या मुळाची पूड पिकावरची कीड मारायला वापरत आलेत. म्हणजे ही विषारी वेल आहे हे तिथल्या माणसांना आपल्याला कळायच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. पानं, कोवळे शेंडे, फुलं खाऊन माणसं दगावलेली आहेत, एवढंच काय तर या जातीच्या फुलांवरच्या मधानेसुद्धा विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. औषधाला मूळ घेतात, तेसुद्धा साल सोलून आतलं लाकूड, कारण साल जास्त विषारी, आणि ते पुष्कळ वेळ उकळून.

हे वाचताना मला आपला बिब्बा आठवला. बिब्बा उतला की काय होतं ते ज्यांच्या घरी झालंय त्यांना सांगायला नको, अंगभर फोड येतात, पण आयुर्वेदात तोच बिब्बा शोधन करून औषधात घेतात. जुन्या लोकांनी विषाला विष म्हणूनच ओळखलं होतं आणि मग त्याला हाताळायची रीत बसवली. झाडपाला आहे म्हणजे निरुपद्रवी आहे ही समजूत आजीच्या काळातली नाही, ती आपल्या काळातली आहे, पाकिटावर हिरवं पान छापायला लागल्यापासूनची.

संधिवातावर हे औषध आधुनिक दवाखान्यात आलं ते कसं, ती गोष्ट मला फार आवडली. १९६० च्या दशकात चीनमध्ये काही डॉक्टर ही वेल कुष्ठरोगाच्या पेशंटना देत होते. कुष्ठरोगात मधेच रिअ‍ॅक्शन येते, ताप येतो, सांधे आणि नसा दुखतात, सुजतात, तर त्या दुखण्याला आणि सुजेला या काढ्याने उतार पडतो असं दिसलं. मग कुणीतरी विचार केला की सांध्यांची सूज तिथे उतरते तर संधिवातात का उतरू नये, आणि १९६९ पासून संधिवाताच्या पेशंटवर वापर सुरू झाला. पुढे नानजिंगमध्ये किडनीचे डॉक्टर ली लेइशी यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी किडनीच्या सुजेवर ती वापरली, काढ्याच्या जागी मोजून-मापून केलेला अर्क आला, त्याच्या गोळ्या आल्या. आज चीनमध्ये त्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतात.

त्या मुळात आहे तरी काय, तर शेकडो द्रव्यं आहेत पण मुख्य दोन, ट्रिप्टोलाइड आणि सेलास्ट्रॉल. ट्रिप्टोलाइड १९७२ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात कुपचन नावाच्या रसायनशास्त्रज्ञांच्या टीमने वेगळं काढलं, ते रक्ताच्या कॅन्सरवर काही मिळतंय का ते शोधत होते. ते पेशीत नेमकं कुठे बसतं हे कळायला मात्र २०११ उजाडलं. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएवरची माहिती उतरवून घ्यायची एक यंत्रणा असते, वर्गात मी सांगायचे तसं सांगायचं तर मूळ पुस्तक कपाटातच राहतं आणि लागेल तेवढ्या पानाची नक्कल कारखान्यात जाते. या नक्कल करणाऱ्या यंत्राचा एक भाग ट्रिप्टोलाइड धरून बंद पाडतं. आमवातात सुजेचे निरोप देणारी प्रथिनं भराभरा तयार होत असतात, नक्कलच निघाली नाही की ती तयार होत नाहीत, सूज उतरते. पण ही यंत्रणा फक्त सुजलेल्या सांध्यात नसते ना, ती सगळीकडे असते, आणि जिथे पेशी सारख्या नव्याने तयार होतात तिथे सगळ्यात जास्त फटका बसतो, म्हणजे आतड्याचं अस्तर, हाडातला मगज जिथे रक्त तयार होतं, आणि पुरुषाच्या बाबतीत शुक्राणू. ज्या कारणाने गुण येतो त्याच कारणाने अपाय होतो. गुण देणारा डोस आणि अपाय करणारा डोस यांच्यात अंतर फार थोडं आहे.

आता गुण किती, तेही नीट सांगायला पाहिजे, कारण या वेलीला नुसतं विषारी म्हणून सोडून देणंही अन्याय होईल. २००२ मध्ये अमेरिकेत टेक्सासला एक छोटा प्रयोग झाला. डॉ. ताओ आणि डॉ. लिप्स्की यांनी ३५ पेशंट घेतले, ज्यांना बाकीच्या औषधांनी पुरेसा फरक पडला नव्हता असे. काहींना अर्काचा जास्त डोस, काहींना कमी, काहींना औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि कुणाला काय मिळतंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. ज्यांनी निदान चार आठवडे औषध घेतलं त्यांच्यात जास्त डोसवाल्या १० पैकी ८ जणांना फरक पडला, कमी डोसवाल्या १० पैकी ४ जणांना, आणि खोट्या गोळीवाल्या १२ पैकी एकालाही नाही. आकडे छोटे आहेत पण असा सरळ चढता जिना बघितला की शिक्षकाला बरं वाटतं.

मग २००९ चा मोठा प्रयोग, १२१ पेशंट, अमेरिकेत वेगवेगळ्या ११ ठिकाणी, वेलीचा अर्क विरुद्ध सल्फासॅलाझिन, जे आमवातावरचं जुनं मान्य औषध आहे. २४ आठवड्यांनी अर्कवाल्यांत ६५ टक्के लोकांना ठरवलेल्या मापाने सुधारणा, सल्फासॅलाझिनवाल्यांत साधारण ३३ टक्के. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण त्यातच दिलेलं दुसरं वाक्य कुणी छापत नाही, की अर्क घेणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत टिकले ६२ टक्केच आणि सल्फासॅलाझिनवाले तर ४१ टक्केच. इतके लोक मधेच सोडून गेले की निकाल जपूनच वाचावा लागतो. आणि सुधारणा म्हणजे तरी काय, तर दुखरे आणि सुजलेले सांधे निदान २० टक्क्यांनी कमी होणं आणि बाकीच्या काही तपासण्यांत तेवढाच फरक पडणं. आजार गेला असं त्याचा अर्थ होत नाही, हे पेशंटला माहीत पाहिजे.

आपल्या चौकटीत ज्याचा उल्लेख होता तो बहुतेक यानंतरचा, चीनमधला. बीजिंगच्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेज हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी नऊ केंद्रांवर २०७ पेशंट घेऊन केला. तीन गट, एकाला मेथोट्रेक्सेट, एकाला वेलीचा अर्क २० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, आणि एकाला दोन्ही. यावेळी माप आणखी कडक, निम्म्याने सुधारणा. २४ आठवड्यांनी मेथोट्रेक्सेटवाल्यांत ४६.४ टक्के, वेलीवाल्यांत ५५.१ टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांत ७६.८ टक्के. हे खरंच लक्षणीय आहे आणि मी ते वाचून उठून बसले होते. पण पुन्हा दोन गोष्टी. कुणाला काय मिळतंय हे पेशंटला माहीत होतं, आणि मेथोट्रेक्सेटचा डोस आठवड्याला साडेबारा मिलिग्रॅम होता, गरज पडली तर बरेच डॉक्टर याच्या दुप्पटपर्यंत नेतात. आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना, म्हणजे ज्या मेथोट्रेक्सेटला भाची कंटाळली होती ते त्यातही होतंच. बंद करून हे घ्या असं त्या डॉक्टरांनी कुठेच म्हटलेलं नाही.

(जाता जाता, हे या पत्राचा विषय नसलं तरी लिहिते, मेथोट्रेक्सेट आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. घरात म्हातारं माणूस ही गोळी घेत असेल तर वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा.)

आणि आता ते जे छापलं गेलं नाही.

१९८० च्या दशकात चीनमधल्या संशोधकांच्या लक्षात आलं की ही गोळी घेणाऱ्या पुरुषांचे शुक्राणू कमी होतात आणि जे असतात त्यांची हालचाल मंदावते. परिणाम इतका ठळक होता की पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी म्हणून तिचा वेगळा अभ्यास झाला. बायकांमध्ये पाळी अनियमित होते, बंदही पडते, आणि काहींची, विशेषतः वय जरा जास्त असेल तर, औषध सोडल्यावरही परत येत नाही. २०१२ मध्ये चीनच्याच औषध प्रशासनाने इशारा काढला, की लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, आणि ज्यांना पुढे मूल हवंय अशा वयातले स्त्री-पुरुष यांना हे औषध द्यायचंच नाही. ज्या देशाची ही वेल, ज्या देशाला तिचा अभिमान आहे, त्याच देशाने हे लिहून दिलंय. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०११ मध्येच लोकांना सांगितलं होतं की ही वनस्पती घेऊ नका.

बाकीचे त्रास म्हणजे जुलाब, मळमळ, अंगावर पुरळ, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होणं, लिव्हर आणि किडनीवर परिणाम. १९९५ मध्ये तैवानच्या डॉक्टरांनी एक केस छापली होती, आधी ठणठणीत असलेला एक तरुण, ही वनस्पती घेतल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले, पांढऱ्या पेशी घसरल्या, किडनी बंद पडली, बीपी हाताला लागेना, तीन दिवसांत गेला. ही केस मी भाचीला वाचून दाखवली नाही. पाळीचं आणि मुलाचं मात्र वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मावशी, हे पेपरात का नव्हतं गं?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून तिचा प्रश्न तुमच्याकडे पाठवतेय.

माझं स्वतःचं एक सांगते, कारण मी फक्त वाचून बोलत नाहीये. २०१० मध्ये, निदान होऊन वर्ष झालं होतं, कुणीतरी एका गावातल्या माणसाचं नाव सांगितलं. तो कागदाच्या पुड्या द्यायचा, शंभर टक्के जडीबुटी, लेबल नाही काही नाही. मी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या आणि पुड्या सुरू केल्या. चौथ्या दिवशी मी पोळ्या लाटल्या. खोटं नाही सांगत, वर्षभराने स्वतःच्या हाताने पोळ्या लाटल्या आणि रडले. आठ महिने घेतल्या. तोंड सुजून गोल झालं, लोक म्हणायचे तब्येत सुधारली, शुगर कधी नव्हती ती २८० निघाली. शेवटी ज्या डॉक्टरांकडे परत गेले त्यांनी चेहरा बघूनच ओळखलं की पुडीत स्टेरॉइड आहे. तोपर्यंत उजव्या हाताच्या दोन बोटांचे सांधे वाकडे झाले होते ते आजही तसेच आहेत, कारण स्टेरॉइडने दुखणं दबलं होतं पण हाड कुरतडणं काही थांबलं नव्हतं. त्या बोटांनी मी हे टाइप करतेय. म्हणून पुडीत, बाटलीत, कॅप्सूलमध्ये नेमकं काय आहे आणि किती आहे, हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. आणि ऑनलाइन जे मिळतं त्यात मुळाचं लाकूड आहे की साल आहे की पानं आहेत हे कोण तपासणार? या वेलीच्या बाबतीत तो फरक जीव जाण्याइतका आहे.

एवढं लिहूनही मी वनौषधींच्या विरोधात नाही, उलट त्यांच्या बाजूचीच आहे. आपल्याकडच्या कळलावीचं उदाहरण घ्या, पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते ती, कोकणात लहान मुलांना तिच्या कंदाला हात लावू देत नाहीत. तिच्यात कोल्चिसिन असतं, आणि तेच कोल्चिसिन आज जगभर गाऊटच्या दुखण्यावर देतात, मिलिग्रॅमच्या अंशात मोजून. विषारी म्हणून कुणी ते फेकून दिलं नाही आणि नैसर्गिक म्हणून कुणी कंद उकळून पीत नाही. चीनने लेइ गोंग तेंगचं तेच करायला घेतलंय, शांघायच्या मटेरिया मेडिका संस्थेत ट्रिप्टोलाइडचा रेणू थोडा बदलून कमी विषारी करायचा प्रयत्न चाललाय, तिकडे अमेरिकेत मिनेसोटात अशोक सलुजा यांच्या टीमने त्याचंच पाण्यात विरघळणारं रूप कॅन्सरसाठी तयार केलंय. कदाचित माझ्या भाचीच्या मुलांच्या काळात या वेलीतून आलेली एक सुरक्षित गोळी असेल. मला ती यावी असं मनापासून वाटतं.

आपल्याकडेही असं काम झालंय आणि त्याला चौकटसुद्धा मिळत नाही याचं वाईट वाटतं. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेवर आयुर्वेदिक औषधं, ग्लुकोसामिन (सांध्यांसाठी घेतात ते पूरक) आणि सेलेकॉक्सिब (दुखणं कमी करणारी गोळी) यांची तुलना केली, ४४० पेशंट, २४ आठवडे, निकाल २०१३ मध्ये छापला. आयुर्वेदिक औषधं बाकीच्यांच्या तोडीस तोड ठरली, आणि त्याच लेखात त्यांनी हेही सांगितलं की काही जणांचं लिव्हरचं एन्झाइम वाढलं होतं, बहुतेक आयुर्वेदिक गटातच, औषध थांबवल्यावर ते परत नॉर्मलला आलं. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी. कोइम्बतूरला तर आमवातावरच आयुर्वेद आणि मेथोट्रेक्सेट अशी तुलना झाली, ४३ पेशंट, २०११ मध्ये छापलं, वैद्य आणि अमेरिकेतले ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे डॉक्टर, एकत्र बसून, गुण साधारण सारखाच आला, पण छोटा प्रयोग असल्याने पुढे मोठा करायला हवा असंच ते म्हणाले. हा प्रामाणिकपणा मला हवाय, पुरवणीतही.

आणखी एक, कारण लोक लगेच विचारतील. आपली मालकांगोणी या चिनी वेलीच्याच कुळातली आहे, तिचं तेल सांध्यांना चोळायची पद्धत आपल्याकडे आहे, माझी आई चोळायची. म्हणून कुणी मालकांगोणीच्या बिया जास्त प्रमाणात खायला लागू नका, कुळ एक म्हणून गुण एक आणि डोस एक असं होत नाही, आणि म्हणून ती घाबरून टाकूनही देऊ नका. तसंच चीनमध्ये संधिवातावर सायनोमेनियम नावाची दुसरी एक वेल वापरतात, ती गुळवेलीच्या कुळातली. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी गुळवेलीचे काढे प्यायलो, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी अशा सहा पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं, त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, सारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते असं म्हणाले. वाद चालू राहू दे, पण कुठली वेल, कुठला भाग, किती आणि किती दिवस, हे प्रश्न दोन्ही बाजूंना विचारावेच लागले ना.

तर माझं मागणं एवढंच आहे. पुढच्या वेळी अशी बातमी घ्याल तेव्हा किती पेशंटवर केलं, कशाशी तुलना केली, मधेच किती जणांनी सोडलं, कोणता भाग कसा तयार करून दिला आणि कोणी घ्यायचं नाही, एवढं त्याच चौकटीत, त्याच अक्षरात येऊ द्या. दोन ओळी जास्त लागतील. ज्या वाचकाने तुमचा पेपर कापून फाईलला लावलाय तो तीच फाईल घेऊन औषध मागवतो. आणि या वेलीबद्दल, मूल हवं असणाऱ्यांनी घेऊ नये हे एक वाक्य कृपया त्याच पुरवणीत, त्याच कोपऱ्यात छापा, हे पत्र नाही छापलंत तरी चालेल.

भाचीने काही मागवलं नाही. डॉक्टरांना तिने फोन करून सरळ सांगितलं की आम्हाला बाळ हवंय, तर ते म्हणाले मग आधी का नाही बोललीस, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन यांसारखी औषधं गरोदरपणातही चालतात, मेथोट्रेक्सेट कधी थांबवायची आणि किती थांबायचं ते बसून ठरवू, पण मनाने काहीच बंद करू नकोस. ती सहा महिने हेच विचारायला घाबरत होती. पुढच्या गुरुवारी तिची अपॉइंटमेंट आहे, मी सोबत जाणार आहे, आणि तुमचं ते कात्रणही घेऊन जाणार आहे कारण डॉक्टरांनी ते बघायला मागितलंय.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज